कोरड्या रस्त्यावर गाडी का घसरते?

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



आपल्या व्याख्यानमालेत अहिल्याबाई झाल्या, ज्ञानेश्वरी झाली, परवा मधुमेहसुद्धा झाला. टायर या विषयावर बोलायला इथे कोणी उभं राहिल्याचं मला आठवत नाही. सचिवांनी विचारलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी मोटारींचा इंजिनिअर नाही. पीथमपूरला एका कारखान्याच्या देखभाल विभागात ३१ वर्षं होतो. यंत्र बंद पडलं की ते का बंद पडलं हे शोधायचं, एवढंच काम. पण सचिव म्हणाले, "तुमच्या गाडीची गोष्ट सांगा. आपल्यातल्या अर्ध्या लोकांच्या गाड्या तशाच दारात उभ्या असतात." हे मात्र मला पटलं.

तर गाडी. छोटी, पेट्रोलवरची, २०१३ च्या ऑगस्टमध्ये घेतलेली. एबीएस नसलेलं मॉडेल, तेव्हा पन्नास हजार वाचवले याचा आनंद झाला होता. मी कारखान्याच्या बसने जायचो, त्यामुळे गाडी मुख्यतः आमच्या सौ. चालवायच्या. सासूबाई देवासला असतात. पंधरा दिवसांतून एक फेरी तिकडे, बाकी भाजी, दवाखाना, लग्नकार्य. वर्षाला चार-साडेचार हजार किलोमीटर, त्यापेक्षा जास्त नाही.

जानेवारी २०२२. माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान पुण्याहून आले होते, म्हणून आम्ही चौघं महेश्वरला निघालो. महूवरून जाम घाटाने. तो रस्ता आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. जाम दरवाजापाशी थांबायचं, चहा घ्यायचा, खाली निमाड दिसतो तो बघायचा आणि मग उतरायला लागायचं. वळणामागून वळण. रस्ता खडखडीत कोरडा, स्वच्छ ऊन, वेग चाळीसच्या आसपास. एका वळणावर समोरून ट्रॅक्टर आला. हिने ब्रेक दाबला आणि गाडीची शेपटी दरीच्या बाजूला हातभर सरकली. सरकली आणि परत आली. मागच्या सीटवर काही क्षण कोणी बोललं नाही.

पहिला बोललो मी. म्हणालो, "वळणावर ब्रेक मारतं का कोणी?"

ही म्हणाली, "मारला नाही, दाबला. आणि मी वळवली त्यापेक्षा गाडी जास्त वळली. मागचा भाग माझ्याआधी वळला."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही. कारखान्यात एखाद्या ऑपरेटरने "साहेब, आवाज डाव्या बेअरिंगचा येतोय" म्हटलं असतं तर मी वही काढून लिहून घेतलं असतं. इथे मी उपदेश केला.

मार्चमध्ये राऊच्या पुढे पुन्हा तसंच झालं, मे महिन्यात आमच्या कॉलनीच्या वळणावर, समोर कुत्रं आल्यावर, तिसऱ्यांदा. तेव्हा घरी पाहुणे होते आणि त्यांच्यासमोर मी हसत हसत म्हणालो, की आमच्या घरी ब्रेकवर फार जोर आहे. दुसऱ्या दिवसापासून हिने किल्ली खिळ्याला लावली ती लावलीच. देवासला बसने जायला लागली. मी विचारलं तर म्हणे, बस बरी पडते. वर्षभर बस बरी पडत होती.

आता गाडी थोडा वेळ बाजूला ठेवून पकड म्हणजे काय ते पाहू, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल.

चार माणसं बसलेली छोटी गाडी साधारण १,२०० किलो धरा. एका चाकावर ३०० किलो. टायरमध्ये ३२ ची हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो दाब. भागाकार केला तर एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग येतो १३० चौरस सेंटिमीटरच्या आसपास. आपला हात बोटांसकट ठेवला तर तेवढी जागा. तुमची गाडी, त्यातली माणसं, महेश्वरहून आणलेल्या साड्या, सगळं चार तळहातांवर चाललेलं असतं.

या चार तळहातांची ताकद म्हणजे घराचा महिन्याचा पगार समजा. पगार एक आणि खर्च तीन: वेग वाढवणं, ब्रेक लावणं आणि वळणं. सरळ रस्त्यावर सगळा पगार ब्रेकला देता येतो. वळणावर अर्धा आधीच वळण्यात गेलेला असतो, उरलेल्यातच ब्रेक भागवायचा. जेव्हा खर्च पगाराबाहेर जातो तेव्हा चाक घसरतं. पगार पुरेसा आहे असं आपण समजत असतो आणि तो कधीच कमी झालेला असतो, हीच कोरड्या रस्त्यावरच्या घसरण्याची भानगड. पावसात आपण जपून चालवतो. कोरड्या रस्त्यावर कोणाला शंका येत नाही.

आकडा सांगतो. ताशी ६० च्या वेगात, चांगली रबर आणि कोरडं डांबर असेल तर ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण १८ मीटरमध्ये थांबते. पकड आठावरून पाचावर आली, म्हणजे ०.८ ची ०.५ झाली, तर तिला २८ मीटर लागतात. ब्रेकवर पाय जायला एक सेकंद लागला तर त्यातच १७ मीटर गेलेले असतात, ते वेगळे. हे दहा मीटर म्हणजे दोन मोठ्या गाड्यांची लांबी.

आता निदान. कोणी मला सांगतं, "काका, गाडी सटकते." मी विचारतो, काय सटकतं? कारण पुष्कळदा चाक घसरतच नसतं. चढावर अॅक्सिलरेटर दाबला, इंजिन ओरडतं, काटा वर जातो, गाडी मात्र तेवढी पुढे जात नाही, जळका वास येतो. हा क्लच झिजला आहे, टायरचा काही दोष नाही. मोकळ्या जागेत हँडब्रेक घट्ट ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये हळूहळू क्लच सोडा. इंजिन धक्का देऊन बंद पडलं तर क्लच ठीक. चालूच राहिलं तर क्लच सटकतोय. एकदाच करा, मजा म्हणून दहा वेळा करू नका, त्यानेच क्लच जाईल.

चाकच घसरत असेल तर पुढचा प्रश्न: केव्हा? गाडी उचलताना, ब्रेक लावताना की वळताना?

उचलताना पुढचं चाक फिरत असेल तर बहुतेक वेळा जागा बघावी लागते. आपल्या नव्या इमारतींच्या तळघरातले उतार, त्यावर गुळगुळीत फरशी, वर बारीक धूळ. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी चढाला लागली की वजन मागे जातं आणि ज्या चाकांनी ओढायचं तीच हलकी होतात. तिथे गाडीत दोष नसतो. मात्र एक गोष्ट मी दोनदा पाहिली आहे. गाडी धुणाऱ्या मुलाने टायरला चमक यावी म्हणून पॉलिश मारलेलं असतं, बाजूला मारायचं ते रस्त्याला टेकणाऱ्या भागावरही गेलेलं असतं. गाडी चकाचक दिसते आणि पहिला एखादा किलोमीटर साबणावर चालते. लग्नाच्या वरातीच्या गाडीला तर हे हमखास.

ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढत असेल तर दोन बाजूंचे ब्रेक सारखे नाहीत. कॅलिपर अडकला असेल, किंवा मागच्या ड्रमच्या आत ब्रेकचं तेल गळत असेल. चाकाच्या आतल्या बाजूला हात फिरवा, ओलसर-काळं लागलं तर ताबडतोब मिस्त्रीकडे. पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचं रबरी बूट फाटलं की ग्रीस उडून टायरच्या आतल्या बाजूला बसतं, तेही असंच हाताला लागतं. नव्या गाड्यांत आणखी एक प्रकार होतो. अगदी हळू, दहा-पंधराच्या वेगात थांबताना पायाखाली ब्रेक थरथरतो आणि लोक म्हणतात गाडी घसरली. गाडी घसरलेली नसते. चाकाजवळच्या सेन्सरवर लोखंडाची पूड किंवा गंज बसलेला असतो, त्याला वाटतं चाक थांबलं, आणि एबीएस उगीच ब्रेक सोडतं. सेन्सर साफ केला की पुष्कळदा संपलं. चार टायरांत एक वेगळ्या मापाचा असला तरी असे दिवे लागतात, कारण ते चाक बाकीच्यांपेक्षा वेगळ्या गतीने फिरतं आणि गाडीच्या मेंदूला वाटतं ते घसरतंय.

वळताना घसरत असेल तर विचारायचं: नाक गेलं की शेपटी? स्टिअरिंग वळवलं तरी गाडी सरळच जाऊ पाहते, म्हणजे पुढच्या चाकांची पकड गेली. आपण वळवलं त्यापेक्षा गाडी जास्त वळते, म्हणजे मागच्या चाकांची गेली. म्हणजे हिचं वाक्य. तिने मला निदान सांगून टाकलं होतं, आणि मी पुढची दीड वर्षं गाडीच्या दुसऱ्या टोकाशी खेळत बसलो.

काय काय केलं ते सांगतो. अलाइनमेंट तीनदा. चौथ्या वेळी तो मुलगा पैसे घ्यायला लाजला. ब्रेक शू बदलले. मागचे शॉकअप बदलले, ते मात्र खरोखर थकले होते. गाडीचा कोपरा वरून दाबून सोडला की तो एकदा वर येऊन थांबायला हवा, आमचा दोन-तीनदा नाचत होता. शॉकअप कमजोर असला की खडबडीत वळणावर चाक क्षणभर रस्त्यावरून उचललं जातं, आणि उचललेल्या चाकाला पकड कसली? पण नवे घालूनही फरक थोडाच पडला. एकूण चौदा हजार गेले. प्रत्येक वेळी मिस्त्री चाकांकडे बघून म्हणायचा, "साहब, टायर तो नया पडा है." मलाही ते दिसत होतं. मागच्या टायरांच्या खाचा पाच मिलिमीटर खोल होत्या. पुढचे दोन मी २०१८ मध्ये बदलले होते, ते झिजले होते म्हणून. मागचे कंपनीतून आलेले, पण झिजलेच नव्हते, तर कशाला बदलायचे?

इथे माझी मोठी चूक होती, आणि या सभागृहातल्या बऱ्याच जणांची असेल. आपण टायर खाचांवरून ओळखतो. खाचा कशासाठी असतात? पाण्यासाठी. रस्त्यावरचं पाणी टायरखालून बाहेर काढायला. कोरड्या डांबरावर खाचांचं काम जवळजवळ नसतंच. शर्यतीच्या गाड्यांना कोरड्या दिवशी बिनखाचांचे, अगदी गुळगुळीत टायर लावतात, कारण तेवढी जास्त रबर रस्त्याला टेकते. कोरड्या रस्त्याची पकड असते ती रबरेच्या मऊपणात. डांबर डोळ्यांना सपाट दिसतं, पण ते बारीक खडीचं असतं. मऊ रबर त्या खडीच्या उंचसखल भागात शिरते, तिला धरते, सोडताना ओढ देते. कडक रबर वरच्या टोकांवरूनच निघून जाते. (याचा अर्थ उद्यापासून गुळगुळीत टायर वापरा असा घेऊ नका. खाचांच्या तळाशी आडव्या उंचवट्याच्या पट्ट्या असतात, १.६ मिलिमीटरच्या. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पावसात तो दगा देणार आणि उन्हाळ्यात फुटणार.)

मग रबर कडक कशाने होते? १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला शोध लागला, की कच्च्या रबरेत गंधक घालून तापवलं की ती टिकाऊ होते. गंधक रबरेच्या लांब साखळ्यांना मध्येमध्ये टाके घालतं. कारखान्यात हे टाके मोजूनमापून घातलेले असतात. पण टायर गाडीला लागला, ऊन लागलं, हवेतला प्राणवायू आत गेला, की टाके पडतच राहतात. मऊपणासाठी घातलेली तेलं हळूहळू निघून जातात. घरातलं जुनं रबर बँड आठवा, बरणीला लावलेलं. ताणायला जावं तर तुटतं. त्याने किती किलोमीटर प्रवास केलेला असतो?

आणि उभ्या गाडीचं तर आणखी वाईट. टायरच्या रबरेत एक प्रकारचं मेण मिसळलेलं असतं. चाक फिरताना रबर दबते, सुटते, त्या हालचालीने हे मेण पृष्ठभागावर येऊन ओझोनपासून तिचं रक्षण करतं. गाडी उभीच राहिली की मेण वर येत नाही आणि बारीक तडे पडू लागतात. आमची गाडी २०२० मध्ये टाळेबंदीत महिनोन्महिने अंगणात उभी होती, तीही दुपारच्या उन्हात. मुलं पुण्याला, बेंगळुरूला, आणखी पलीकडे. घरी दोन माणसं. गाडी आठवड्यातून एकदा देवळापर्यंत. आपल्या किती घरांचं हे चित्र आहे ते तुम्हीच बघा. गाडीवर किलोमीटर चढत नाहीत, म्हणून आपण खूश असतो.

मला हे ज्ञान पुस्तकातून झालेलं नाही. मे २०२३ मध्ये मी एकटा देवासला निघालो होतो, सासूबाईंना आणायला. वाटेत मागचं चाक पंक्चर. स्टेपनी लावली आणि बायपासवरच्या एका टायरवाल्याकडे पंक्चर काढायला गेलो. वयस्कर माणूस. त्याने टायर हातात घेतला, रस्त्याच्या बाजूवर अंगठ्याचं नख रोवलं, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "साहब, ये तो पत्थर हो गया है." मी म्हटलं, खाचा बघ किती आहेत. तो हसला. टायर फिरवला, आतली बाजू वर केली आणि एका लंबगोल चौकटीतले चार आकडे दाखवले: १९१३.

मी ३१ वर्षं देखभालीत होतो आणि हे आकडे मला वाचता येत नव्हते. पहिले दोन म्हणजे आठवडा, शेवटचे दोन म्हणजे वर्ष. २०१३ चा एकोणिसावा आठवडा, म्हणजे मे महिना. टायर दहा वर्षांचा झाला होता, वाढदिवसासकट. दुसरा मागचा टायर त्याच्याच जोडीचा. मग तो उठला, गाडीला लावलेली स्टेपनी बघितली. तीही २०१३ ची. कधीच न वापरलेली, रबरेवरचे केस अजून तसेच, आणि बाजूला नखाएवढे तडे. म्हणाला, "इसको मत चलाओ."

हे चार आकडे कधीकधी टायरच्या एकाच बाजूला असतात आणि ती बाजू आत बसवलेली असते, तेव्हा बाहेरून दिसले नाहीत तर वाकून, टॉर्च मारून बघा. अनेक मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदला म्हणतात. काही टायर कंपन्या म्हणतात, पाच वर्षांनंतर दर वर्षी तपासून घ्या आणि दहाच्या पुढे कसाही दिसला तरी काढून टाका. आपल्या माळव्यातलं ऊन बघता मी सहाच्या बाजूचा आहे.

पण तेवढ्यावर माझं समाधान झालं नाही. टायरवाल्याने सांगितलं म्हणून खरं मानायचं, तर मग हिने सांगितलेलं का मानलं नाही? कारखान्यात आमची एक रीत होती. दोन सारख्या मोटरी आहेत, एक तापते. तर संशयित भाग एकीतून काढून दुसरीत घालायचा. दोष भागाबरोबर गेला तर भाग दोषी, जागेवर राहिला तर बिघाड दुसरीकडे. मी तेच केलं. पंक्चर काढून तो जुना टायर परत घेतला, जुने दोन पुढे लावले आणि २०१८ चे पुढचे दोन मागे. आमच्या एका ओळखीच्यांचं पीथमपूरच्या बाजूला गोदाम आहे, रविवारी तिथलं आवार मोकळं असतं. डांबरी, कोरडं, आजूबाजूला भिंत नाही, माणूस नाही. २५-३० च्या वेगात वळता वळता ब्रेक. शेपटी हलली नाही. त्याऐवजी नाक सरळ निघालं. दोष टायरांबरोबर पुढे गेला होता. हा प्रयोग रस्त्यावर करू नका, घाटात तर मुळीच नको. मोकळं आवार मिळत नसेल तर तारीख वाचणं पुरेसं आहे.

मग हौसेने कडकपणा मोजायचं छोटं यंत्रही मागवलं, घड्याळासारखं असतं, सुई टोचायची आणि आकडा वाचायचा. मोटारीच्या चांगल्या टायरला साधारण ६० ते ७० येतात. आमच्या २०१८ च्या टायरला ६८ आले. २०१३ च्या टायरला ८३. पीथमपूरला नॅट्रॅक्समध्ये ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे, २०२१ मध्ये सुरू झाला, आणि गाड्या पारखायची मोठी यंत्रसामग्री आहे. घरगुती कामाला मात्र अंगठ्याचं नख पुरतं. खाचेच्या बाजूच्या उंचवट्यावर रोवून बघा: मऊ रबर दबते आणि खूण भरून येते, म्हातारी रबर नखाला दाद देत नाही. नखाने वय कळत नाही, पण फरक कळतो.

आता, दोनच टायर नवे घ्यायचे झाले तर कुठे लावायचे? मी २०१८ मध्ये पुढे लावले. माझा हिशोब असा की इंजिन पुढची चाकं फिरवतं, वळतात तीच, ब्रेकचा भारही त्यांच्यावर जास्त. हिशोब चुकीचा नव्हता, अर्धवट होता. ब्रेक लावला की गाडीचं नाक खाली जातं, वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात. उतारावर आणखी हलकी. त्यात वळण. आणि मी नेमकी सगळी चिकट रबर पुढे आणि सगळा दगड मागे ठेवला होता. नाक घसरलं तर साधा माणूसही पाय काढतो, वेग कमी होतो, गाडी ताब्यात येते. शेपटी घसरली तर सावरायला कसबी हात लागतो. म्हणून नवे दोन टायर मागे, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. टायरवाला वाद घालील. घालू द्या. हिने तीनदा शेपटी सावरली, तीही एबीएस नसताना, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

शेपटी गेलीच तर काय करायचं? ब्रेकवरचा पाय हलका करा, जिकडे जायचंय तिकडे बघा, स्टिअरिंग शेपटी गेली त्या बाजूला थोडं, जाईल तेवढंच. डावीकडे गेली तर डावीकडे. एबीएस असेल तर उलट: ब्रेक घट्ट दाबून ठेवा, पाय थरथरला तरी सोडू नका, आणि वळवा.

हवेबद्दल दोनच गोष्टी. ड्रायव्हरच्या दारापाशी जो कागद चिकटवलेला असतो त्यावरचा आकडा खरा, पंपावरच्या मुलाचा नाही. चाळीसची हवा भरली की टायर फुगून मधल्या पट्टीवरच टेकतो, तळहाताचं बोट होतं. गाडी थंड असताना सकाळी बघा.

आणि काही वेळा दोष सगळा रस्त्याचाच असतो. गणपती गेले की आपल्याकडे सोयाबीनची कापणी सुरू होते. गावाकडच्या रस्त्यांवर पीक पसरलेलं असतं, गाड्यांच्या चाकांनी मळणी होते. कोरडा सोयाबीनचा दाणा म्हणजे छर्रा. त्यावर ब्रेक लावला तर नवा टायरही काही करू शकत नाही. वळणावर पडलेला मुरूम, ट्रकमधून सांडलेलं डिझेल, तीच कथा. तिथे आधीच हळू व्हायचं आणि त्यावर असताना ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही.

आमच्या गाडीला मागे दोन नवे टायर घातले, आठ हजारांच्या आत. पुढचे पुढच्या वर्षी बदलले, त्यातलाच एक स्टेपनीला ठेवला. म्हणजे आधी अंगठा, टॉर्च आणि आठ हजार, असा क्रम असता तर चौदातले निदान दहा हजार वाचले असते. शॉकअप लागलेच असते.

घरी आल्यावर मी हिला ते चार आकडे दाखवले. जुना टायर मी मुद्दाम अंगणात आणून ठेवला होता. तिने वाकून वाचले, हिशोब केला आणि म्हणाली, "म्हणजे मागूनच ना?" मी म्हटलं, मागूनच. आणि पाहुण्यांसमोर बोललो होतो म्हणून पुढच्या वेळी पाहुण्यांसमोरच सांगितलं, की ब्रेक तिचा बरोबर होता. आज तर तुम्हा सगळ्यांसमोर सांगतो आहे. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. किल्ली खिळ्यावरून काढायला तिला आणखी तीन आठवडे लागले, तो वेळ मी मोजला आहे.

उद्या सकाळच्या आरतीनंतर मी मंडळाच्या आवारात टॉर्च आणि ते मोजायचं यंत्र घेऊन बसणार आहे. ज्यांना टायरची तारीख वाचून हवी असेल त्यांनी गाडी आणावी, स्टेपनीचं झाकण उघडून. आणि ज्या घरात गाडी एक चालवतो आणि दुरुस्तीला दुसरा नेतो, तिथे कृपा करून चालवणाऱ्याला पाठवा, मला त्यांच्याशी बोलायचंय. वेळ नऊची ठेवू. पण आम्हाला आणणार तीच आहे, तेव्हा सव्वानऊ धरा.